गेस्ट, सिस आणि मधली ती लाल फुली

डेटाबेसच्या कामात मी अगदी नवी होते. एका सोमवारी सकाळी फोन आला, की शनिवारपर्यंत व्यवस्थित निघणारे रिपोर्ट आज निघत नाहीयेत. रिपोर्टचा प्रोग्राम एका ठरलेल्या लॉगिनने एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरला, जोडला जायचा. त्याच्या लॉगमध्ये दोन एरर होते. पहिला ४०६०, लॉगिनने मागितलेला डेटाबेस उघडता येत नाही. दुसरा १८४५६, लॉगिन अयशस्वी. माझी नजर दुसऱ्यावर गेली, कारण तो ओळखीचा होता. लॉगिन अयशस्वी म्हणजे पासवर्डचा घोळ, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मॅनेजमेंट स्टुडिओ, म्हणजे तो सर्व्हर हाताळायचं साधन, उघडला. डावीकडे ऑब्जेक्ट एक्सप्लोररचं झाड. सर्व्हर, त्याखाली सिक्युरिटी, त्याखाली लॉगिन्स. रिपोर्टचं लॉगिन सापडलं. आयकॉन स्वच्छ होता, कसलीच खूण नाही. बंद केलेल्या लॉगिनवर लाल फुली असते, जुन्या आवृत्त्यांत तिथे खाली वळलेला लाल बाण असायचा, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे लॉगिन चालू आहे. तरी पासवर्ड बदलला, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये नवा भरला. तेच दोन एरर. लॉगिन डिसेबल करून पुन्हा एनेबल केलं. तेच. माझ्या स्वतःच्या खात्याने तो डेटाबेस लगेच उघडत होता, त्यामुळे डेटाबेसमध्ये काही बिघाड असेल हा विचारही मनात आला नाही. माझं खातं सिसअॅडमिन, म्हणजे सर्वाधिकारी, होतं, त्याला कुठलंच दार अडवत नाही, हे तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

मग डेटाबेस उलगडला, त्याच्या आतलं सिक्युरिटी, त्याखाली युजर्स. पाच नावं दिसली, वर्णक्रमाने लावलेली. डीबीओ, गेस्ट, इन्फर्मेशन-स्कीमा, रिपोर्ट-रीडर, सिस. रिपोर्ट-रीडर हा आमच्या रिपोर्टच्या लॉगिनचा युजर, बाकीचे चार प्रत्येक डेटाबेसमध्ये आपोआप असतात. डीबीओ सोडून चारही नावांवर लाल फुली. मी ती यादी पाहिली आणि पुढे गेले.

हे मला अजून लागतं. खूण समोर होती, मी ती पाहिलीही होती. पण कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्या फुल्यांबद्दल कुणाला तरी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं, "त्या असतातच, लक्ष नको देऊ." उत्तर चुकीचं नव्हतं. गेस्ट, इन्फर्मेशन-स्कीमा आणि सिस यांच्यावर ती फुली साध्या डेटाबेसमध्ये असतेच. पण त्या तीन फुल्यांना सरावलेल्या डोळ्याला चौथी वेगळी दिसली नाही. वर्णक्रमाने ती नेमकी त्यांच्या रांगेत बसली होती, इन्फर्मेशन-स्कीमाच्या खाली आणि सिसच्या वर.

दीड तासाने आमचे सीनियर डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, शेजारी येऊन बसले. त्यांनी झाड बघितलं आणि बोट ठेवलं. "ही फुली कसली?"

"सर, त्या असतातच."

"गेस्टवर असते. सिसवर असते. हिच्यावर का असावी?"

त्यांनी क्वेरी विंडोत एक ओळ लिहिली, ग्रँट कनेक्ट टू रिपोर्ट-रीडर, आणि चालवली. झाडात युजर्सवर राइट-क्लिक करून रिफ्रेश केलं. फुली गेली. रिपोर्ट सुरू झाले. रविवारी कुणीतरी सुरक्षेची साफसफाई करणारी स्क्रिप्ट चालवली होती. गेस्टकडून कनेक्टची परवानगी काढून घ्यावी ही सर्वमान्य शिफारस आहे, पण त्या स्क्रिप्टने गेस्टबरोबर आणखी काही युजर्सची परवानगीही काढली होती.

लॉगिन आणि युजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वाचलेलं होतं. लॉगिन सर्व्हरच्या पातळीवर असतं, युजर एकेका डेटाबेसच्या आत. लॉगिन तुम्हाला सर्व्हरपर्यंत आणतं. एखाद्या डेटाबेसमध्ये पाऊल टाकायचं तर तिथल्या युजरकडे कनेक्ट नावाची परवानगी लागते. हे वाचून परीक्षेत लिहिता येत होतं. पण दोन्ही ठिकाणी आयकॉन माणसाचाच, फुलीही सारखीच, आणि तिचा अर्थ मात्र वेगळा. लॉगिनवरची फुली सांगते, हे खातं बंद केलंय. युजरवरची फुली सांगते, याला या डेटाबेसचा कनेक्ट नाही. ४०६० हा एरर नेमकं हेच सांगत होता आणि मी तो ओलांडून १८४५६ कडे गेले होते. लॉगिनच बंद असतं तर एरर १८४७० आला असता, त्यात खातं डिसेबल असल्याचं सरळ लिहिलेलं असतं. म्हणजे एरर आणि झाड दोघेही एकच गोष्ट सांगत होते, मला दोघांचीही भाषा येत नव्हती.

त्या संध्याकाळी ठरवलं की या खुणा कुणाच्या सांगण्यावरून मानायच्या नाहीत, स्वतः घडवून बघायच्या. लॅपटॉपवर एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन टाकली, ती मोफत मिळते. एक रिकामा डेटाबेस बनवला, दोन-तीन लॉगिन्स, काही टेबलं. आणि एक वही घेतली. पानावर चार रकाने आखले. काय केलं, रिफ्रेशच्या आधी काय दिसलं, रिफ्रेशनंतर काय दिसलं, आणि हीच गोष्ट सिस्टीम कॅटलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःबद्दल ठेवतो त्या नोंदींत, कुठल्या रकान्यात सापडते.

पहिल्याच नोंदीने धक्का दिला. क्वेरी विंडोत अल्टर लॉगिन डिसेबल चालवलं आणि झाडाकडे बघत बसले. काही नाही. मिनिटभर, पाच मिनिटं, आयकॉन स्वच्छच. रिफ्रेश केल्यावर फुली आली. म्हणजे झाडात दिसतं ते आत्ताचं नसतं, मी तो फोल्डर शेवटचा उलगडला किंवा ताजा केला तेव्हाचं असतं. नवं टेबल बनवल्यावर ते झाडात लगेच दिसत नाही हा अनुभव प्रत्येकालाच आलेला असतो. पण खुणांनाही हाच नियम लागू आहे, हे मला वहीत लिहिल्यावरच खऱ्या अर्थाने कळलं. दिवसभर उघडी राहिलेली मॅनेजमेंट स्टुडिओची खिडकी सकाळचंच चित्र दाखवत असू शकते. तेव्हापासून खुणेवरून काहीही ठरवण्याआधी माझं बोट एफ-५ वर जातं, आणि त्याआधी माऊसने झाडातल्या त्या फोल्डरवर क्लिक करते, कारण क्वेरी विंडोत कर्सर असताना एफ-५ दाबलं तर तिथली क्वेरीच चालते. हे धोक्याचं आहे, नव्या माणसाला मी आवर्जून सांगते.

दुसऱ्या दिवशी सरांना वही दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "झाड सर्व्हरला काय विचारतं ते बघितलंस का?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मॅनेजमेंट स्टुडिओतला एक्सइव्हेंट प्रोफाइलर सुरू करायला लावला. तो सर्व्हरकडे येणाऱ्या क्वेऱ्या एकामागून एक दाखवत राहतो. मग म्हणाले, "आता युजर्स उलगड."

मी अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं आणि प्रोफाइलरमध्ये लांबलचक क्वेरी उमटली. तिच्यात सिस-डेटाबेस-प्रिन्सिपल्स या कॅटलॉग व्ह्यूमधून युजर्सची नावं घेतली होती आणि त्याला सिस-डेटाबेस-परमिशन्स जोडलं होतं, पण त्यातल्या फक्त सीओ या प्रकारच्या ओळी. सीओ म्हणजे कनेक्ट. पुढे एक केस, म्हणजे अट, होती. त्या ओळीची स्थिती जी असेल तर १, डब्ल्यू असेल तर १, नाहीतर ०. आणि त्या रकान्याला नाव होतं हॅज-डीबी-अॅक्सेस. जी म्हणजे ग्रँट, डब्ल्यू म्हणजे पुढे दुसऱ्याला देण्याच्या अधिकारासह ग्रँट.

बस्स, एवढंच. शून्य आलं की फुली. मी ती क्वेरी कॉपी करून वेगळ्या विंडोत चालवली. पाच ओळी आल्या. डीबीओपुढे १, बाकी सगळ्या ओळींत झाडातल्या फुल्यांशी तंतोतंत जुळणारे आकडे. आयकॉनमागे असं साधं गणित असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. हॅज-डीबी-अॅक्सेस हे नावही जुनं आहे. एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या सिसयुजर्स या सिस्टीम टेबलात याच नावाचा रकाना होता. तेव्हा मॅनेजमेंट स्टुडिओ नव्हता, तो २००५ मध्ये आला, त्याआधी एंटरप्राइज मॅनेजर आणि क्वेरी अॅनालायझर अशी दोन वेगळी साधनं वापरावी लागत.

गणित कळल्यावर त्यातली फटही दिसायला लागली. क्वेरी फक्त त्या युजरच्या स्वतःच्या नावावरची परवानगी बघते. मग जो माणूस एखाद्या विंडोज ग्रुपचा सदस्य म्हणून आत येतो त्याचं काय? लॅपटॉपवर एक ग्रुप बनवला, त्याला लॉगिन आणि युजर दिला, एका सदस्याला डेटाबेसमध्ये स्वतःच्या नावाचाही युजर दिला आणि त्या युजरचा कनेक्ट काढून घेतला. झाडात त्याच्यावर फुली. आणि तो माणूस डेटाबेसमध्ये बिनदिक्कत आला, ग्रुपच्या परवानगीवर. वहीत मी त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली. फुली आहे म्हणजे माणूस बाहेरच आहे, असं नाही. त्याच्या स्वतःच्या नावावर परवानगी नाही, एवढंच.

नेहमी दिसणाऱ्या निरुपद्रवी फुल्यांची यादीही त्याच पानावर केली. गेस्टवर साध्या डेटाबेसमध्ये फुली असते, पण मास्टर आणि टेंप-डीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये नसते, कारण तिथून गेस्टचा कनेक्ट काढताच येत नाही. तशाच एमएसडीबीमध्येही गेस्ट मुळात चालू असतो. सर्व्हरच्या लॉगिन्समध्ये नावाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन हॅश असलेली पॉलिसीची दोन लॉगिन्स पहिल्या दिवसापासून बंद असतात. इन्स्टॉल करताना फक्त विंडोज ऑथेंटिकेशन निवडलं असेल तर एसए हे सर्व्हरचं मुख्य लॉगिन सुद्धा बंद असतं. ही नावं तोंडपाठ झाली आणि त्यांच्याबाहेरची एखादी फुली लगेच डोळ्यात खुपायला लागली. "लक्ष नको देऊ" ऐवजी मला पहिल्या आठवड्यात ही यादी मिळायला हवी होती.

चाव्यांचं प्रकरण त्यामानाने सोपं निघालं. झाडात कॉलमपुढची सोनेरी चावी म्हणजे प्रायमरी की, टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी. करडी चावी म्हणजे फॉरेन की, दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी. सुरुवातीला एका टेबलात दोन सोनेरी चाव्या बघून मला वाटलं होतं की याला दोन प्रायमरी की आहेत. तसं होत नाही, टेबलाला प्रायमरी की एकच, पण ती दोन कॉलमची मिळून असू शकते आणि मग दोघांपुढेही चावी येते. जो कॉलम दोन्ही असतो, म्हणजे स्वतःच्या टेबलात प्रायमरी कीचा भाग आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की, त्याला चावी सोनेरीच मिळते. तिथे कॉलमच्या नावापुढचा कंस वाचावा लागतो, त्यात पीके आणि एफके दोन्ही लिहिलेलं असतं. मला वाटतं झाडातला सगळ्यात कमी वाचला जाणारा मजकूर हा कंसातलाच आहे, आणि सगळ्यात उपयोगाचाही तोच.

कुलपाने मात्र माझी अर्धी दुपार घेतली. एका स्टोअर्ड प्रोसीजरवर, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या प्रोग्रामवर, छोटं कुलूप होतं आणि त्याच दिवशी एक रिपोर्ट फार हळू चालला होता. डेटाबेसमध्ये लॉक या शब्दाला वजन आहे. एक ट्रान्झॅक्शन दुसऱ्याला अडवून धरतं ते लॉकमुळेच. मी कुलूप बघितलं आणि लॉक दाखवणारा व्ह्यू उघडून त्या प्रोसीजरला कुणी धरून ठेवलंय ते शोधत बसले. कुणीच धरलेलं नव्हतं. कुलूप म्हणजे प्रोसीजर एन्क्रिप्शनचा पर्याय देऊन बनवलेली आहे. राइट-क्लिकच्या मेनूत मॉडिफाय पुसट होतं, सिस-एसक्यूएल-मॉड्यूल्समध्ये तिच्या डेफिनिशनच्या जागी नल होतं. ती चालत नेहमीसारखीच होती, फक्त तिच्या आत काय लिहिलंय ते बघता येत नव्हतं. चालू ट्रान्झॅक्शनचे लॉक झाडात कुठेच दिसत नाहीत, ते क्षणाक्षणाला बदलतात आणि झाड तर रिफ्रेश होईपर्यंत थांबून असतं. पहिल्या दिवसाची नोंद आठवली असती तर ती दुपार वाचली असती.

यानंतरचा प्रसंग जास्त गंभीर होता.

आमच्याकडे एक दुसरा सर्व्हर होता, तिथे मी क्वचित जायचे. एकदा काही तपासायला तिथे गेले तर मुख्य डेटाबेसच्या आयकॉनवर, पिवळ्या पिंपावर, बाण आणि नावापुढे कंसात रिस्टोअरिंग. अधिकचं चिन्हच नाही, डेटाबेस उलगडत नाही. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तसंच. मला वाटलं कुणीतरी बॅकअप रिस्टोअर करायला घेतला आणि तो अर्धवट राहिला. याचा उपाय मी शिकले होते. रिस्टोअर करताना शेवटी रिकव्हरी द्यायची राहून गेली तर डेटाबेस याच अवस्थेत थांबतो, आणि रिस्टोअर डेटाबेस विथ रिकव्हरी ही एक ओळ चालवली की तो उघडतो. मी ती ओळ लिहिली सुद्धा. चालवण्याआधी सरांना फक्त सांगावं म्हणून हाक मारली.

ते खुर्चीवरून उठूनच आले. "हात लावू नकोस."

तो लॉग शिपिंगचा दुय्यम सर्व्हर होता. मुख्य सर्व्हरवर दर काही मिनिटांनी ट्रान्झॅक्शन लॉगचा बॅकअप व्हायचा, मुळात ठरलेली वेळ १५ मिनिटांची असते, तो बॅकअप इकडे कॉपी व्हायचा आणि या डेटाबेसवर चढवला जायचा. पुढचा लॉग चढवता यावा म्हणून डेटाबेस मुद्दाम नोरिकव्हरीत, म्हणजे रिस्टोअरिंग अवस्थेत ठेवलेला असतो. मी ती ओळ चालवली असती तर डेटाबेस उघडला असता, छान दिसला असता, आणि त्यानंतरचा एकही लॉग त्याने घेतला नसता. साखळी तुटली असती. पुन्हा पूर्ण बॅकअप आणून पहिल्यापासून सगळं उभारावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ मुख्य सर्व्हरला पर्यायी आधार राहिला नसता.

"मग हा अडकलाय की व्यवस्थित आहे, हे ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"या चित्रावरून नाही ओळखता येणार," सर म्हणाले. त्यांनी एमएसडीबीमधलं लॉग शिपिंगच्या देखरेखीचं टेबल उघडलं. शेवटचा लॉग कधी चढवला त्याची वेळ तिथे होती, दहा मिनिटांपूर्वीची. डेटाबेस जिवंत होता, दर पंधरा मिनिटांनी काम करत होता, आणि झाडात मला तो मेल्यासारखा दिसत होता. तीच खूण विसरलेल्या रिकव्हरीचीही असते, आणि तिथे मी लिहिलेली ओळच बरोबर ठरते. एकाच चित्राला दोन विरुद्ध उत्तरं आहेत, आणि कुठलं खरं ते चित्राच्या बाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या वहीत रिस्टोअरिंगचं एक संपूर्ण पान आहे. त्यावर सगळ्यात वर लिहिलंय, आधी विचार, हा सर्व्हर कशासाठी आहे.

सर्व्हरच्या स्वतःच्या आयकॉनवरही एक खूण असते. हिरव्या वर्तुळात बाण म्हणजे सर्व्हिस चालू. कधी तिथे नुसतं पांढरं वर्तुळ दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले, सर्व्हर बंद पडतोय की काय म्हणून. पण क्वेऱ्या तर चालत होत्या. पांढरं वर्तुळ सांगतं, की सर्व्हिसची स्थिती मला कळू शकलेली नाही. ती स्थिती एसक्यूएलच्या जोडणीतून विचारली जात नाही. विंडोजच्या डब्ल्यूएमआय या वेगळ्या वाटेने विचारली जाते, आणि तुमच्या खात्याला त्या मशीनवर तेवढा अधिकार नसेल किंवा मध्ये फायरवॉल असेल तर उत्तर येत नाही. मला ती पांढरी खूण मनापासून आवडते. बिघाड आणि माहिती नसणं यांत ती फरक करते. आपण माणसंही असं क्वचितच बोलतो.

नसलेल्या गोष्टींचंही असंच. एकदा एका सहकाऱ्याने घाईघाईने बोलावलं, टेबलं उडाली म्हणून. त्याच्या झाडात टेबल्स फोल्डर रिकामा होता. टेबलं जागच्या जागी होती, त्याच्या नव्या लॉगिनला त्यांच्यावर कसलीही परवानगी नव्हती. २००५ पासून एसक्यूएल सर्व्हर कॅटलॉगमध्ये साधारणपणे तेवढंच दाखवतो ज्यावर तुम्हाला काहीतरी अधिकार आहे. रिकामा फोल्डर हीसुद्धा एक खूण आहे, ती कुणी आयकॉन म्हणून मोजत नाही.

पुढे पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरचं काम आलं आणि त्याचं साधन पीजीअॅडमिन उघडलं. डेटाबेसच्या यादीत एक पिंप पिवळं, बाकी सगळी करडी आणि त्यांवर लाल फुली. माझ्या शेजारी बसणारा नवा मुलगा पांढराफटक पडला. मीही क्षणभर थबकले, पण वहीची सवय होती. एका फुलीवाल्या पिंपावर क्लिक केलं. ते पिवळं झालं, फुली गेली. पीजीअॅडमिनमध्ये डेटाबेसवरच्या फुलीचा अर्थ इतकाच, की तुम्ही अजून याला जोडलेले नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी जोडणी करावी लागते, म्हणून हे साधन जोडलेला आणि न जोडलेला असा भेद दाखवतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकाच जोडणीतून सगळ्या डेटाबेसमध्ये फिरता येतं, त्यामुळे तिथे हा भेद दाखवायची गरजच नाही. त्या मुलाला मी हेच सांगितलं, की फुली लाल आहे म्हणून अर्थही तोच आहे असं धरू नकोस, आधी मागचा सर्व्हर कसा चालतो ते बघ. ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसच्या एसक्यूएल डेव्हलपर या साधनात तीच लाल खूण प्रोसीजरवर येते, तेव्हा ती अवैध झालेली असते. ती ज्या टेबलावर अवलंबून आहे त्यात कुणीतरी बदल केलेला असू शकतो, आणि बऱ्याचदा पुढच्या वेळी कुणी ती बोलावली की ओरॅकल स्वतःच तिला पुन्हा कंपाइल करून घेतं.

पीजीअॅडमिनची एक खूण मला एसक्यूएल सर्व्हरच्या झाडातही हवीशी वाटते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फॉरेन की नॉट व्हॅलिड म्हणून जोडता येते, म्हणजे यापुढची माहिती तपास, आधीची तपासू नकोस. अशा कीला तिथे वेगळा आयकॉन मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्येही नोचेक देऊन अशी की बनते, पण तिची चावी मला बाकीच्या चाव्यांसारखीच दिसली. ती खात्रीची आहे की नाही हे सिस-फॉरेन-कीज व्ह्यूमधल्या इज-नॉट-ट्रस्टेड या रकान्यात बघावं लागतं.

टीममधल्या एकाला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी माझ्या वहीतलं रंगांचं पान सगळ्यांना समजावत होते तेव्हा तो म्हणाला, "मी आकार बघतो, आणि कंस वाचतो." माझ्यापेक्षा त्याच्या चुका नेहमी कमी का असायच्या ते तेव्हा उलगडलं. मी ते पान फाडून नव्याने लिहिलं, रंगांऐवजी आकारांनी. फुली, खाली बाण, वर बाण, वर्तुळ, कुलूप, चावी. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हे लिहिलेलं आहे, १.४.१ क्रमांकाच्या कसोटीत, की माहिती केवळ रंगावर अवलंबून ठेवू नये.

गेल्या महिन्यात टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीचा फोन आला. "ताई, एका युजरवर लाल फुली आलीये. ग्रँट कनेक्ट चालवू का?"

"कुठल्या सिक्युरिटीखाली? सर्व्हरच्या की डेटाबेसच्या?"

थोडा वेळ माऊसचे आवाज आले. "डेटाबेसच्या."

"रिफ्रेश केलंस?"

"केलं. आहे अजून."

"मग परमिशन्सच्या व्ह्यूमध्ये त्याची सीओची ओळ बघ. आहे का, आणि स्थिती काय आहे?"

परवानगी नुसती काढून घेतली असेल तर तिथे ओळच नसते, मुद्दाम नाकारली असेल तर असते. झाडात मात्र दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, कारण त्या गणितात जी आणि डब्ल्यू सोडून सगळंच शून्य.

"ओळ आहे, ताई," ती म्हणाली. "डी."

डी म्हणजे डिनाय. परवानगी चुकून निघाली नव्हती, कुणीतरी नाव घेऊन नाकारली होती. असा माणूस ग्रुपमार्फतही आत येऊ शकत नाही. मी तिला ग्रँटची ओळ विंडोतून पुसून टाकायला सांगितली, आणि आम्ही दोघी ते डिनाय कुणी आणि कधी दिलं ते शोधायला बसलो.